लागर, तळघर आणि जुना फ्रिज

बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावर बंदी घातली. उन्हाळ्यातली बिअर नासते, हा तिथला जुना अनुभव. हिवाळ्यात बनवलेली बिअर तळ्यांवरचा बर्फ भरलेल्या तळघरांत मुरत ठेवत, आणि अशा गारव्यात सावकाश काम करणारं यीस्टच लागरचं, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेल्या बिअरचं यीस्ट ठरलं. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चाललं आणि ऋतूचं बंधन सुटलं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळं केलं. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानंतर घरगुती बिअरला संघराज्याची परवानगी मिळाली, आणि छंदिष्टांनी तळघराची जागा जुन्या फ्रिजला दिली.

पण फ्रिज म्हणजे तळघर नव्हे. तळघराचा दगड आणि बर्फ बिअरची उष्णता सावकाश पण सतत शोषून घेत. फ्रिजमध्ये असते ती थोडीशी हवा, आणि त्याचा थर्मोस्टॅट साधारण ३-५ अंशांसाठीच बनवलेला. लागरला लागतात ९-१२ अंश सेल्सिअस. शिवाय किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, स्वतःच उष्णता निर्माण करतं. जोरात असताना बिअर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम असते. म्हणून मोजायची ती बिअर, हवा नव्हे. बाहेरचा कंट्रोलर फ्रिजचा वीजपुरवठा चालू-बंद करतो. त्याचा प्रोब (तापमान मोजणारी तार) फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्याच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली चिकटवून वर फोमचा तुकडा घट्ट बांधावा. प्रोब हवेत लोंबकळत ठेवला की कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो आणि बिअर मात्र गरमच राहते. कंट्रोलरवर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक अर्धा ते एक अंश आणि कॉम्प्रेसरला किमान ३-५ मिनिटांची विश्रांती ठेवावी, नाहीतर तो जळू शकतो.

वर्ट (न आंबवलेला माल्टचा गोड रस) १० अंशांवर आणल्यावरच यीस्ट घालावं, आणि भरपूर: १२ प्लेटोच्या (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप) २० लिटरला सुमारे ३६० अब्ज पेशी. कमी यीस्ट गरम वर्टमध्ये घालून मग थंड करण्याची पळवाट फळांसारखे वास आणि लोण्यासारख्या चवीचं डायअसेटिल हे द्रव्य पदरात टाकते. किण्वन संपत आलं की २-३ दिवस १६-१८ अंश, म्हणजे यीस्ट उरलेलं डायअसेटिल परत शोषून घेतं. चव घेऊन लोणी गेल्याची खात्री झाल्यावरच रोज एक-दोन अंश उतरवत शून्याजवळ यावं आणि चार ते सहा आठवडे मुरू द्यावं. थंड होताना फर्मेंटरमधला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या, पाण्याने बंद केलेल्या झडपेतलं) पाणी बिअरमध्ये ओढलं जातं. तेव्हा त्यात आधीच उकळून गार केलेलं पाणी थोडंच ठेवावं.