व्हिडिओ दोनदा पाहिला म्हणजे पाठ झालं?

परवा म्हापसा-पणजी शटलमध्ये भाची शेजारी बसली होती. कानात इअरफोन, मोबाइलवर क्रेब्स चक्राचा, म्हणजे पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवून देणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीचा व्हिडिओ, तोही दीडपट वेगाने. पर्वरीच्या कोंडीत बस थांबली तेव्हा म्हणाली, "मामा, दोनदा बघून झाला. सगळं पाठ." मी तिला फोन पालथा ठेवायला लावला आणि तिकिटाची कोरी बाजू पुढे केली. चक्रातल्या आठ संयुगांपैकी तीन आठवली.

पोरगी हुशार आहे. पण बघून ओळखणं आणि न बघता आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. 'हे ओळखीचं आहे' ही जाणीव मुख्यतः पेरिऱ्हायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागावर चालते. आठवायला त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. त्यातल्या सीए-३ नावाच्या पट्ट्यात चेतापेशी एकमेकींशी दाट जोडलेल्या असतात. एक धागा हाती लागला की त्या आठवणीचा जुना आकृतिबंध पुन्हा उभा करतात. व्हिडिओ पुन्हा पाहताना उत्तर समोरच असतं, म्हणून ही जुळणी करावीच लागत नाही.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे; काही एकदाच वाचून, मग न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेलं सरस ठरलं : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. दोनदा वाचलेलं ४२ टक्के उरलं, एकदा आठवून लिहिलेलं ५६ टक्के. चुका कुणी दुरुस्त करून दिल्या नव्हत्या, तरीही! हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आज शिक्षण खिशात आलं आहे. केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ 'स्वयम्' २०१७ पासून आहे, आपल्या गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या 'दिष्टावो' उपक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमानुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात. वाळपईहून रोज दोन बस बदलणाऱ्या मुलीसाठी ही मोठी सोय आहे. पण बहुतेक ठिकाणी आपण फोनला फक्त फळा करून टाकलंय. तोच फोन दोन दिवसांनी, मग आठवड्याने, बसमध्ये, कँटीनमध्ये एखादा प्रश्न विचारू शकतो. हे काम एका प्राध्यापकाला साठ मुलांसाठी कधीच जमलं नसतं.

स्मरणशक्तीच्या नावावर 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे, म्हणजे मुलांचा 'मध्यमेंदू जागा करण्याचे' वर्गही चालतात, डोळे बांधून वाचून दाखवतात. पट्टीखालून नाकाच्या कडेने दिसतं, एवढंच त्यातलं रहस्य. पालकांनी तिथे पैसे घालू नयेत.

व्हिडिओ बनवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे : दर दहा मिनिटांनी थांबा, तीन प्रश्न विचारा, पर्याय देऊ नका. पर्याय दिले की मूल पुन्हा नुसतं ओळखायला लागतं.

भाचीने ते तिकीट फोनच्या कव्हरमध्ये ठेवलंय. काल तिने एक फोटो पाठवला : सहा संयुगं, क्रमाने. फ्युमरेट आणि मॅलेटच्या जागी दोन रिकामे चौकोन.