पऱ्हाटी

कापूस वेचून झाल्यावर शेतात उभे राहणारे वाळके झाड, वऱ्हाडात ‘पराटी’. हेक्टरी साधारण 2 ते 3 टन निघते. पूर्वी ती कुडाच्या भिंतीत आणि चुलीत जाई. गॅस आल्यावर चुलीची मागणी घटली आणि पऱ्हाटी बांधावर पडून राहू लागली किंवा तिथेच पेटवली जाऊ लागली.

सरकारी संशोधनात तिला उशिरा जागा मिळाली. मुंबईत माटुंग्याला 1924 साली निघालेली कापूस प्रयोगशाळा (आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, ‘सिरकॉट’) आरंभी फक्त धाग्याची पारख करी. सरकीची काळजी बाजारानेच घेतली होती: तेल घाण्याला, ढेप गोठ्याला. पऱ्हाटीला मात्र गिऱ्हाईक नव्हते. तिची घडण तागासारखी नसून लाकडासारखी आहे, हे ओळखून संस्थेने तिच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड बनवले. पुढे ब्रिकेट व पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या विटा व गोळ्या), कंपोस्ट आणि धिंगरी अळिंबीसाठी (मशरूमसाठी) माध्यम, असे उपयोगही पुढे आले.

कृषी खात्याला पऱ्हाटीचे वेगळेच भय आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते; ती बोंडे पऱ्हाटीला लटकून असतात. 2017 च्या उद्रेकात विदर्भ-मराठवाड्याने याचा फटका खाल्ला. म्हणून फरदड (हंगामानंतर तेच पीक राखून घेतलेला जास्तीचा कापूस) घेऊ नका, हंगाम संपताच पीक उपटा, पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ रचू नका, असे आवाहन दरवर्षी होते. इकडे कारखान्याला माल वर्षभर लागतो, म्हणजे कुठेतरी ढीग रचावाच लागतो! कुट्टी (बारीक तुकडे) करून साठवल्यास हा पेच बराचसा सुटतो.

खरी अडचण प्रयोगशाळेबाहेरची आहे. पऱ्हाटी मुळासकट निघावी म्हणून लोखंडी चिमटा वापरतात: बुंधा दातात धरायचा, दांडा खाली दाबायचा. काम एकेका झाडाचे, मजुरी रोजाची. उपटलेला माल वजनाला हलका आणि जागेला भारी. ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर फार वजन दाखवत नाही. म्हणून शेतातच कुट्टी करणारे फिरते यंत्र इथे बोर्डाच्या कारखान्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात काही टक्के जैव पेलेट मिसळण्याचे धोरण सुधारून आणले. त्यात पिकांचे अवशेष येतात, पऱ्हाटीही. शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर उपटणी-वाहतुकीचा खर्च भागवतो का, यावर ती विकायची की पेटवायची हे बांधावर ठरते.