सर्व्हर चालतोय, पण आयड्रॅक, आयलो किंवा आयपीएमआयचं पेज उघडत नाही? आधी हे बघा

आमच्याकडून सर्व्हर घेतलेल्या किंवा एएमसी असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. या विषयावर खूप फोन येतात आणि त्यातले बरेच प्रॉब्लेम तुमचे तुम्ही जागेवर दहा मिनिटांत सोडवू शकता, म्हणून नीट लिहून काढलंय.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा वेगळा कॉम्प्युटरच बसवलेला असतो, त्याला बीएमसी म्हणतात, आणि त्याचं पेज दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडतं. डेलवर त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईवर आयलो, लिनोवोवर एक्सक्लॅरिटी, आणि सुपरमायक्रोवर सगळे नुसतं आयपीएमआय म्हणतात. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा नंबर) वेगळा, आयपी वेगळा. पॉवर केबल लावलेली असली की सर्व्हर बंद असतानाही हा जागा असतो, म्हणूनच विंडोज अडकलं किंवा लिनक्स बूटच होईना तर घरबसल्या स्क्रीन बघता येते आणि मशीन बंद-चालू करता येतं. विंडोजमध्ये तुम्ही जो आयपी टाकलाय त्याचा याच्या आयपीशी काही संबंध नाही. सर्व्हर पिंग होतोय (नेटवर्कवर उत्तर देतोय) म्हणून बीएमसी पिंग होईलच असं नाही, आणि सर्व्हर बंद पडला म्हणून बीएमसी पण गेला असंही नाही.

तो नेमका कुठल्या पोर्टवर बोलतोय?

निम्म्याहून जास्त वेळा घोळ इथेच असतो असं आमचा अनुभव सांगतो. मागे बऱ्याचदा एक वेगळा पोर्ट असतो, डेलवर त्याच्यापाशी पान्ह्याचं चिन्ह असतं, एचपीईवर आयएलओ असं लिहिलेलं असतं. पण बीएमसी त्या पोर्टवरच असेल असं नाही, कारण सेटिंगमध्ये डेडिकेटेड म्हणजे स्वतःचा पोर्ट आणि शेअर्ड म्हणजे सर्व्हरच्याच एखाद्या लॅन पोर्टवरून, असे दोन मोड असतात आणि सुपरमायक्रोवर तिसरा फेलओव्हर नावाचा पण असतो, आणि तोच फॅक्टरीतून लावून येतो.

या फेलओव्हरचा किस्सा सांगतो. एका कारखान्यात रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, सकाळी लाइट आल्यावर सगळं आपोआप सुरू झालं फक्त आयपीएमआय गायब. आम्ही गेलो, केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, काही फरक नाही, अर्धा दिवस गेला. शेवटी स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे त्याची यादी) बीएमसीचा मॅक शोधला तर तो भलत्याच पोर्टवर, ऑफिसच्या नेटवर्कवर दिसला. झालं असं होतं की लाइट आल्यावर बीएमसी लगेच जागा झाला पण स्विच वर यायला जास्त वेळ लागला, बीएमसीने स्वतःच्या पोर्टवर लिंक आहे का बघितलं, ती नव्हती, म्हणून तो सर्व्हरच्या लॅन १ पोर्टवर गेला आणि नंतर स्विच सुरू होऊनसुद्धा तिथेच बसून राहिला. आयपी मात्र मॅनेजमेंटच्या (बीएमसीसाठी ठेवलेल्या वेगळ्या नेटवर्कच्या) रेंजमधला, मग ऑफिसमधून तो कोणाला दिसणार? आम्ही लॅपटॉपला त्या रेंजमधला आयपी देऊन ऑफिसच्या स्विचला लावला, पेज उघडलं, नेटवर्क सेटिंगमध्ये फेलओव्हर काढून डेडिकेटेड केलं, विषय संपला. तुमच्याकडे सुपरमायक्रो असेल आणि वेगळ्या पोर्टला केबल लावलेली असेल तर हे सेटिंग आजच बदलून ठेवा, लाइट जायची वाट बघू नका.

शेअर्ड मोड असेल तर अजून दोन गोष्टी. एक, त्याच सर्व्हरवर बसून त्याच्याच बीएमसीला पिंग केलं तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण तो ट्रॅफिक त्याच पोर्टवरून बाहेर जाऊन परत आत येत नाही, त्यामुळे टेस्ट नेहमी दुसऱ्या मशीनवरून करा. दोन, एकाच केबलवर स्विचला दोन मॅक दिसतात, एक सर्व्हरचा आणि एक बीएमसीचा, आणि स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावून एकच मॅक चालेल असं ठेवलं असेल तर दुसरा अडवला जातो किंवा अख्खा पोर्टच बंद होतो. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) वापरत असाल तर बीएमसीमध्ये टाकलेला व्हीलॅन नंबर स्विचच्या त्या पोर्टवर टॅग होऊन येतोय का तेही बघा.

आयपी कसा शोधायचा

मशीन रीस्टार्ट करता येत असेल तर सुरू होताना डेलवर एफ२, एचपीईवर एफ९, लिनोवोवर एफ१ आणि सुपरमायक्रोवर डिलीट दाबा, आत नेटवर्कचं पान मिळतं. सर्व्हर बंद करता येत नसेल आणि त्यावर लिनक्स असेल तर आयपीएमआयटूल हे सॉफ्टवेअर टाकून लॅन प्रिंट ही कमांड चॅनल १ ला द्या, एचपीईवर बहुतेक चॅनल २ असतो. आयपी, मास्क, गेटवे (दुसऱ्या नेटवर्कला जायचा रस्ता), मॅक, डीएचसीपी (आयपी नेटवर्ककडून आपोआप मिळतो) आहे की स्टॅटिक (हाताने टाकलेला), सगळं समोर येतं.

जुना डेल रीसेट केलेला असेल तर आयपी १९२.१६८.०.१२० असतो. लिनोवो आधी डीएचसीपी शोधतो, नाही मिळालं तर १९२.१६८.७०.१२५ घेतो. एचपीई आणि सुपरमायक्रो डीएचसीपीवर येतात, त्यामुळे राउटर बदलला की आयपी बदलू शकतो आणि तुम्ही जुन्याच बुकमार्कवर क्लिक करत बसता. तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१ च्या रेंजमध्ये असेल तर १९२.१६८.०.१२० त्याला सापडणार नाही, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.१२१ आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या आणि केबल थेट सर्व्हरच्या पोर्टला लावा. ऑफिसमधून उघडतं पण घरून व्हीपीएन लावून उघडत नाही, असं असेल तर आधी गेटवे बघा, तो ०.०.०.० राहिलेला असू शकतो.

पिंग होतंय पण पेज येत नाही

जुन्या फर्मवेअरवर (बीएमसीच्या आतलं सॉफ्टवेअर) फक्त जुनं टीएलएस (ब्राउझरच्या सुरक्षित कनेक्शनची पद्धत) असतं आणि २०२० पासून ब्राउझरवाल्यांनी ते बंद करत आणलं, तिथे इलाज फर्मवेअर अपडेट हाच. नाहीतर बीएमसी स्वतःच हँग झालेला असतो. तो रीसेट केला तरी सर्व्हर बंद होत नाही, तुमचं टॅली, डेटाबेस सगळं चालू राहतं, काही मॉडेलवर पंखे थोडा वेळ जोरात फिरतात, घाबरू नका. डेलवर आय लिहिलेलं बटण १५-१६ सेकंद दाबून धरा, एचपीईच्या नव्या मॉडेलवर यूआयडीचं निळं बटण ५ ते ९ सेकंद, पण पॉवरचं बटण मात्र चुकूनही नको. आयपीएमआयटूल असेल तर एमसी रीसेट कोल्ड. नंतर तीन-चार मिनिटं थांबा. तरी नाही आलं तर सर्व्हर रीतसर शटडाउन करून पॉवर केबल काढा, आणि इथे लोक फसतात, पॉवर सप्लाय दोन असतात आणि एकच केबल काढली तर बीएमसी चालूच राहतो, दोन्ही काढा, मिनिटभर थांबून मग लावा.

पासवर्डबद्दल थोडक्यात: जुन्या डेलचा रूट आणि कॅल्विन चालतो, नव्या मशीनला प्रत्येकाचा वेगळा, पुढच्या ओढायच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर. सुपरमायक्रोने पण २०२० पासून वेगळा पासवर्ड द्यायला सुरुवात केली.

एक कळकळीची विनंती. घरून उघडावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून बीएमसी इंटरनेटवर टाकू नका. आयपीएमआय हे मुळात बीएमसीशी बोलायच्या प्रोटोकॉलचं नाव, त्याच्या २.० मध्ये कोणीही विचारलं तरी पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून बनवलेला कोड, ज्यावरून पासवर्ड शोधता येऊ शकतो) हातात मिळतो, हे २०१३ पासून जगजाहीर आहे आणि प्रोटोकॉलच तसा असल्यामुळे अपडेट करून जात नाही. आयलो ४ च्या २.५३ आधीच्या फर्मवेअरमध्ये तर लॉगिन न करता आत शिरता येत होतं. ज्याच्या हातात बीएमसी त्याच्या हातात अख्खा सर्व्हर, अँटीव्हायरसला कळणार पण नाही. व्हीपीएन लावून घ्या, जमत नसेल तर आम्ही लावून देतो.

एवढं करूनही नाही उघडलं तर फोन करा, आणि त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर मॉडेल नंबर, बीएमसीच्या मॅकचं स्टिकर, शेवटचं कधी उघडलं होतं आणि त्यानंतर काय बदललं ते पाठवा. मागच्या बाजूचा एक फोटो पण हवा, सगळे लॅन पोर्ट आणि दोन्ही पॉवर केबल एकाच फोटोत येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पोर्टचे दिवे दिसत नाहीत.