सोपोची पावती आणि रस्त्याकडेचा बाजार : पार्श्वभूमी

पणजी असो, म्हापसा असो वा मडगाव, पालिकेची माणसे पदपथ मोकळे करायला आली की एक वाद ठरलेला असतो. विक्रेती कमरेच्या पिशवीतून सोपोची, म्हणजे बाजारात बसण्याच्या रोजच्या शुल्काची, पावती काढते आणि विचारते, सकाळी पैसे घेतलेत, आता उठवता कसे? सोपो भरला म्हणून जागेवर हक्क सांगता येत नाही, हे पालिकांचे ठरलेले उत्तर. कायद्याने ते चूक नाही. पण जिथे बसणेच बेकायदा म्हणता, तिथे बसण्याचे पैसे रोज कसे घेता, या प्रश्नाला पालिकांनी आजवर उत्तर दिलेले नाही. रस्त्याकडेच्या विक्रीवरून गेल्या काही वर्षांत गोव्यात जे जे तंटे झाले, त्यांतले बहुतेक फिरून या पावतीपाशीच येतात.

वसुली मक्त्याने देण्याची रीत इथे जुनी. पोर्तुगीज अमदानीत तंबाखूपासून मद्यापर्यंत अनेक वसुल्यांचे लिलाव होत. सरकारला ठरलेली रक्कम मिळे आणि मक्तेदार लोकांकडून काय घेतो, याकडे फारसे कुणी बघत नसे. बाजार मात्र सरकारने वसवले नव्हते. म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार, बाणस्तारीचा गुरुवार, वाळपईचा मंगळवार हे वार लोकांनीच धरलेले. त्यांच्या जोडीला जत्रा, फेस्ते, पावसाआधीची पुरुमेंताची म्हणजे साठवणीची खरेदी, पणजीची अष्टमीची फेरी म्हणजे जत्रेसारखा बाजार. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला, दलदल बुजवून आखलेले रस्ते आले, आणि पाट्या घेऊन येणाऱ्या बायका त्या रस्त्यांच्या कडेला बसू लागल्या. त्यांच्यातली बहुतेक मंडळी पेशाने व्यापारी नव्हती. कुळागरातले (माड-पोफळींच्या बागेतले), परसातले, मळ्यातले जे घरी पुरून उरले ते विकायचे आणि मीठ, सुके मासे, कापड घेऊन संध्याकाळी घर गाठायचे.

मुक्तीनंतर १९६८ च्या पालिका कायद्याने बाजार आणि त्याचे शुल्क पालिकांच्या हाती दिले. रस्ता खऱ्या अर्थाने बदलला तो त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांत. १९८० मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली आणि सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण इथली बाई पहाटेच्या बसने पाट्यांसह शहरात उतरू लागली. दोडामार्ग-सावंतवाडीकडून म्हापशाला येणाऱ्यांचीही सोय वाढली. त्याच काळात घाटावरून बेळगावच्या भाजीचे ट्रक नेमाने येऊ लागले. पूर्वी स्वतः पिकवलेले विकणारी आणि घाऊक माल घेऊन विकणारी अशी दोन माणसे बाजारात सहज ओळखू यायची. पुढे ती एकाच ताडपत्रीवर आली. दुचाक्या आणि मोटारी वाढल्या, पार्किंगला जागा हवी झाली, आणि जी कडा विक्रेत्यांची होती तिच्यावर वाहनवाल्यांचाही दावा आला. पणजीत १८ जून रस्त्यावर किंवा मडगावच्या जुन्या बाजाराभोवती आज जी ओढाताण दिसते, तिची सुरुवात तिथली.

आता सोपोच्या पावणीविषयी, म्हणजे वसुलीच्या लिलावाविषयी, कारण गाठ तिथेच आहे.

सोपो गोळा करण्याचे दोन मार्ग आहेत. पालिकेने आपली माणसे लावून वसुली करायची, किंवा वर्षाची वसुली पावणीत काढून कंत्राटदाराला द्यायची. राज्यातल्या पालिका या दोन मार्गांवर ये-जा करत आल्या आहेत. एक मंडळ पावणी बंद करते, पुढचे मंडळ ती पुन्हा सुरू करते. पावणीच्या बाजूने सांगितले जाते ते असे: रक्कम आगाऊ ठरते, कर्मचारी अडकून पडत नाहीत, आणि पालिकेच्या माणसांच्या हातून होणारी गळती थांबते. हे मुद्दे पोकळ नाहीत. पहाटे पाचला बाजारात उभे राहून पंधरा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालायला कायम नोकरीतला माणूस तयार होत नाही, हे पालिकेत काम केलेला कुणीही सांगेल.

पण पावणीने बाजाराचे गणितच बदलते. पालिकेच्या दृष्टीने जादा विक्रेता म्हणजे जादा कचरा, जादा गर्दी, जादा तक्रारी. कंत्राटदाराच्या दृष्टीने जादा विक्रेता म्हणजे जादा उत्पन्न. बोली जितकी चढी, तितकी माणसे जास्त बसवल्याशिवाय ती वसूल होत नाही. मग बाजाराच्या आवारापुरता असलेला सोपो फाटकाबाहेर येतो, तिथून पदपथावर, तिथून बसस्थानकाच्या तोंडाशी. एखादी जागा विक्रीला मोकळी की बंद हे ठरवायचा अधिकार पालिकेचा. प्रत्यक्षात ते ठरते पावतीपुस्तक घेऊन फिरणारा माणूस कुठवर चालत जातो त्यावर. जिथे तो पोचला तिथे बाजार पोचला. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी अतिक्रमण हटवायचा ठराव होतो, माल ट्रकात भरला जातो, आणि आठवड्याभरात तीच माणसे त्याच जागी बसतात, कारण कंत्राटदाराचे वर्ष अजून संपलेले नसते. या चक्राचा दोष विक्रेत्यांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पालिका एका हाताने जी वाढ विकते, तीच दुसऱ्या हाताने तोडायला निघते.

दुसरी तक्रार दराची. कागदावर सोपो जागेच्या मापाने असतो. व्यवहारात माप डोळ्यांनी घेतले जाते. म्हापशाच्या शुक्रवारी हे जवळून पाहावे. मयंडोळी केळ्यांचा घड, आळसांद्याच्या पुड्या, कोकमसोलांची टोपली आणि दोन-चार नीरफणस, एवढा माल पुढ्यात मांडून बसलेल्या बाईपाशी वसुलीवाला नऊच्या सुमाराला येतो. ती म्हणते, ‘अजून कितेंच खपूंक ना रे पुता, मागीर यो.’ (अजून काहीच खपले नाही रे बाळा, नंतर ये.) तो ताडपत्रीवर नजर फिरवतो, आकडा सांगतो. ती निम्मे देते. तो पैसे खिशात टाकतो आणि पावती न फाडता पुढे जातो. पूर्ण दिले तर पावती, कमी दिले तर नाही, असा अलिखित करार. त्या बाईच्या लेखी चार रुपये वाचले. पण त्या दिवशी ती तिथे बसली होती याची कुठेही नोंद राहिली नाही, आणि ही नोंद किती मोलाची ठरली असती ते पुढच्या कायद्याने दाखवून दिले.

पदपथावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, राज्यघटनेतल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटले होते. संसदेचा पथविक्रेत्यांविषयीचा कायदा यायला मात्र २०१४ उजाडले. त्यातल्या बहुतेक तरतुदी वाचकांना ठाऊक आहेत: शहर विक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही न हटवण्याची अट. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे असाही दंडक आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती, म्हणजे हजारेक विक्रेते. पणजीला हा आकडा कदाचित पुरेल. म्हापशाची लोकसंख्या साधारण तेवढीच, आणि तिथे शुक्रवारी जमणारा बाजार शहरापुरता नसतो. अख्खा बार्देश, पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडची गावेही त्यात असतात. रहिवाशांच्या डोक्यांवरून काढलेली मर्यादा अशा बाजाराला लावायची कशी, याचे उत्तर या हिशेबात नाही.

याहून मोठी अडचण प्रमाणपत्राच्या अटीत आहे. उपजीविकेचे दुसरे साधन नाही असे विक्रेत्याने लिहून द्यावे लागते. रोज गाडा लावणाऱ्याला ते सहज जमते. पण सत्तरीतून आठवड्यातून एकदा येणारी बाई काय लिहून देणार? तिचे कुळागर आहे, दारात गाय आहे, मुलगा कुठेतरी नोकरीला असेल. ती शेतकरी आहे आणि विक्रेतीही आहे. तिच्या घरातला रोख पैसा मुख्यतः या पाटीतून येतो, तरी कायद्याच्या व्याख्येत ती अर्धवटच बसते. त्यात सर्वेक्षण करणारे मंगळवारी किंवा बुधवारी फिरले तर ती त्यांना दिसणारच नाही. दिसतील ते रोज बसणारे, आणि त्यांच्यात घाऊक माल विकणाऱ्यांचाच भरणा जास्त. गोव्याच्या बाजारात मूळचा जो विक्रेता, त्याला संरक्षणासाठी आलेल्या कायद्यात जागा शोधावी लागते. स्थानिक भाजी हवी, आगशीची वांगी हवीत, खोल्याची मिरची हवी असे आपण उठता-बसता म्हणतो. ती विकणारीला बसायची हमी कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

इथे ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ हा वादही येतो. सोपोच्या चर्चेत तो दर वेळी निघतो, आणि पालिका निवडणुकीच्या तोंडावर जरा जास्तच. परप्रांतीय विक्रेत्यांनी कडा बळकावली अशी तक्रार होते. तिच्यात तथ्य किती हे शहरागणिक बदलते, पण कारण माणसाच्या गावात शोधण्यापेक्षा वसुलीच्या पद्धतीत शोधावे. रोज बसणारा माणूस कंत्राटदाराला रोज पैसे देतो. आठवड्याला एकदा येणारी बाई महिन्यातून चारदा देते. मोक्याची जागा कुणाला मिळणार हे यातच ठरते, मग तो रोज बसणारा बेळगावचा असो की बार्देशचा. पालिकेच्या परवान्यावर मिळालेला गाडा स्वतः न चालवता भाड्याने देणारे तर बव्हंशी इथलेच असतात. त्या भाड्याविषयी मात्र सभागृहांत फारसा आवाज चढत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले आणि विक्री गावोगावच्या रस्त्यांवर पसरली. ज्यांचे काम गेले त्यांनी पिकअप किंवा स्वतःच्या मोटारीची डिकी उघडून भाजी, फळे, मासे विकायला सुरुवात केली. बाजार उघडले तरी ही विक्री पुरती परतली नाही. गिऱ्हाइकाला गाडी थांबवून काचेतून घ्यायची सवय लागली. याच वर्षांत राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण झाले, पणजीत स्मार्ट सिटीची खोदकामे लांबत गेली आणि शहरातल्या पदपथांवरून विक्रेते इकडून तिकडे सरकवले गेले. पदपथ नव्याने बांधताना विक्रीसाठी जागा आखून घेण्याची ही चांगली संधी होती. ती दवडली.

शिवाय गोव्याचे शहरीकरण पालिकांच्या हद्दीत झालेलेच नाही. २०११ मध्ये राज्यातले ६२ टक्के लोक शहरी गणले गेले, पण तेव्हाच्या ७० शहरांपैकी फक्त १४ ठिकाणी पालिका किंवा महापालिका होती. उरलेली ५६ जनगणनेच्या लेखी शहरे, कारभाराच्या लेखी पंचायती. ताळगाव, कळंगुट, कांदोळी यांतलीच. पथविक्रेत्यांचा कायदा लिहिला गेला तो पालिका, महापालिका डोळ्यांपुढे ठेवून. पंचायत सोपो घेते, गाड्यांना ना हरकत दाखला देते, पण विक्रेता समिती नाही, सर्वेक्षण नाही. म्हणून मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठाने रस्त्याकडेच्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हा गाडेवाल्यांची सर्वाधिक धांदल पंचायत क्षेत्रांत उडाली. पक्क्या बांधकामांना नियमित करण्याच्या वाटा सरकारने पुढे शोधल्या. हलत्या गाड्याला आणि जमिनीवर मांडलेल्या ताडपत्रीला नियमित करायचे म्हणजे काय, हा विषय त्या चर्चेत जेमतेम आला.

दरवर्षी चवथीच्या आधी दोन-तीन दिवस माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांचा, बाजार भरतो. रानातून काढून आणलेली कांगलां, नागलकुडीची फळे, सुपाऱ्यांचे कातरे, तोरिंगणां घेऊन सत्तरी, सांगे, काणकोणमधली माणसे शहरात येतात. त्यांच्याकडून सोपो घेऊ नये ही मागणी जुनीच, आणि रास्तही आहे. पण शुल्क माफ करताना पावती देणेच थांबवले, तर ती माणसे नोंदीतूनही जातील. शून्य रकमेची का होईना, पावती फाडली पाहिजे आणि तिच्यावर विक्रेत्याचे नाव-गाव लिहिले पाहिजे. आजच्या पावतीवर सहसा नुसती रक्कम असते.

नाव-गाव लिहिण्याचे कारण २०१४ च्या त्याच कायद्यात आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथे पथविक्री चालत आली तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हापशाच्या शुक्रवारला ही तरतूद तंतोतंत लागू पडते. तो दर्जा मागायचा झाला तर कोण किती वर्षे कुठे बसत आले याचा पुरावा लागेल, आणि तसा कागद सोपोच्या पुस्तकांखेरीज कुठे नाही. पावणी दिली की ती पुस्तके कंत्राटदाराच्या हाती जातात. पावणी चालू ठेवायचीच असेल, तर प्रत्येक वर्षाची पुस्तके पालिकेत जमा केल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही ही अट पुढच्या करारात घालायला हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मंडळाचा एक ठराव पुरतो.