अक्कलदाढ काढल्यावरची गोळी : पार्श्वभूमी

अक्कलदाढ काढून आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर पुण्यात बहुतेक वेळा एसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी असते, कधी तिच्यात सूज उतरवण्यासाठीचे सेरॅशिओपेप्टिडेजही असते. आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची गोळी घरच्या औषधांच्या डब्यात असतेच, पण दाढेसाठी ती क्वचितच लिहिली जाते. अभ्यास मात्र सर्वांत जास्त तिच्याच बाजूने आहेत.

अ‍ॅस्पिरिन १८९९पासून बाजारात आहे, आयब्युप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ला आले. १९७०च्या दशकात संशोधकांना अक्कलदाढ सापडली, ती वेदना मोजण्यासाठी. रुग्ण तरुण, धडधाकट, शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली, आणि भूल उतरली की दुखणे ठरल्यासारखे सुरू होते. गोळी द्यायची आणि तासातासाला दुखणे किती ते विचारायचे. कित्येक वेदनाशामके आजही याच दाढेवर पारखली जातात. अशा अभ्यासांच्या २०१३च्या आढाव्यात आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. हे पॅरासिटामॉल १००० मि.ग्रॅ.पेक्षा सरस ठरले, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास त्याहून बरे. आपल्याकडच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल सहसा ३२५ मि.ग्रॅ.च असते, हे तुलना करताना विसरले जाते.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला ऑगस्ट २०२४मध्ये. केंद्राने १५६ ठरावीक मिश्रणांवर, म्हणजे एकाहून जास्त औषधे ठरलेल्या मात्रेत एकत्र केलेल्या औषधांवर, बंदी घातली आणि त्या यादीत एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल होते. बातम्यांच्या मथळ्यांत एवढेच आले. प्रत्यक्षात बंदी होती ५० मि.ग्रॅ. अधिक १२५ मि.ग्रॅ. या एका मात्रेवर. दाढेसाठी लिहिली जाते ती १०० अधिक ३२५ची गोळी, तिला हात लागला नव्हता.

त्यानंतरच्या महिन्यात माझ्या भाचीची खालची दाढ हाड कोरून काढली. टिळक रस्त्यावरून आणलेली स्ट्रिप बहिणीने फोडलीच नाही, कारण 'ती बंद झालीय' असे तिच्या कानावर आले होते. पोरीने अख्खी रात्र गालाला बर्फ धरून काढली. सकाळी मी स्ट्रिप खिडकीपाशी नेऊन पाहिली, चंदेरी पाठीवर बारीक अक्षरांत १०० आणि ३२५ छापलेले होते. बंदीच्या बातमीत '५० अधिक १२५' ही दोन आकड्यांची ओळ ठळक असती, तर ती रात्र तिला सोसावी लागली नसती. मला हा दोष वाचणाऱ्याचा वाटत नाही, सांगणाऱ्याचा वाटतो.

हा वाद जुनाच आहे. मार्च २०१६मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, डिसेंबरात न्यायालयाने ती रद्द केली. प्रकरण वर गेले, तज्ज्ञांकडे फेरतपासणीला आले आणि सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. जून २०२३मध्ये आणखी १४, त्यात निमेसुलाइड-पॅरासिटामॉलच्या विरघळणाऱ्या गोळ्या होत्या. दरवेळी प्रश्न एकच होता: दोन औषधे एका गोळीत घालण्याला वैद्यकीय कारण आहे का? दोन्ही औषधे वेगवेगळी चांगली असतात, म्हणून त्यांची कुठलीही मात्रा एकत्र चालते असे नाही.

सेरॅशिओपेप्टिडेजबद्दल मात्र मी कठोरच बोलेन. सूज उतरवण्यासाठी ते दिले जाते. जपानमध्ये, जिथे ते वर्षानुवर्षे वापरात होते, तिथल्या कंपनीने फेरतपासणीत परिणाम सिद्ध न झाल्याने ते २०११मध्ये बाजारातून काढून घेतले. तोंडाच्या शस्त्रक्रियांनंतरचे अभ्यास छोटे आणि परस्परविरोधी आहेत. तरी आपल्या चिठ्ठ्यांवरून ते हलत नाही, आणि रुग्ण त्याचे पैसे मोजतो.

केटोरोलॅक हे आणखी एक वेदनाशामक जोरदार आहे, पण पाच दिवसांच्या पुढे घ्यायचे नसते. पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एसिक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अ‍ॅस्पिरिन किंवा अशा गोळ्यांनी दमा उसळणाऱ्यांनाही तेच. पुण्यात पावसाळ्यात दाढ काढली आणि नंतर ताप चढला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, कारण बाकीच्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून पहिल्या दिवशी बरे वाटले तरी गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्याव्यात, दुखणे चढायची वाट पाहू नये. मिश्र गोळी चालू असताना डोकेदुखीसाठी वेगळे पॅरासिटामॉल घ्यायचे असेल, तर स्ट्रिपच्या पाठीवरचे आकडे आधी वाचावेत.