अमॉस अलोन्झो स्टॅग यांचे प्राध्यापकपद आणि १९३२ चा निर्णय

१९३२ चा हंगाम संपला, तो शिकागो विद्यापीठातील अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक अमॉस अलोन्झो स्टॅग यांचा शेवटचा हंगाम ठरला. त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती आणि प्राध्यापकांना लागू असलेली निवृत्तीची वयोमर्यादा त्यांनाही लावण्यात आली. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकांचा नियम का लागावा, हे समजायचे तर त्यांच्या नेमणुकीकडे मागे जावे लागते.

न्यू जर्सीत १८६२ मध्ये जन्मलेले स्टॅग येलमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते. परंतु प्रवचन करणे आपल्याला जमणार नाही, असे वाटल्याने ते स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात गेले. बास्केटबॉलचा जन्म तेथलाच. मार्च १८९२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात झालेल्या पहिल्या जाहीर सामन्यात शिक्षक १-५ असे हरले, आणि त्यांचा तो एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला होता. त्याच वर्षी ते नव्या शिकागो विद्यापीठात गेले; येलमधील त्यांच्या एका जुन्या अध्यापकांनी, जे आता तेथील अध्यक्ष होते, त्यांना बोलावून घेतले होते.

ही नेमणूक वेगळी होती. त्या काळी महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक म्हणजे बहुधा हंगामापुरता आणलेला माजी खेळाडू असे. स्टॅग यांना मात्र शरीरसंवर्धन विभागाचे प्रमुख व सहयोगी प्राध्यापक म्हणून, वर्षाला २,५०० डॉलर वेतनावर, कायम करण्यात आले. चार सामने हरले म्हणून त्यांना घरी पाठवता येणार नव्हते. हे प्राध्यापकपद नावापुरते होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. विभागाच्या हाती तिकिटांचा पैसा खेळत होता आणि इतर विभागांना ते खुपत असे, हे खरे आहे. पण फुटबॉलबरोबरच बेसबॉल, मैदानी स्पर्धा आणि सर्व विद्यार्थ्यांचा व्यायाम सांभाळणाऱ्या माणसाला शिक्षक म्हणायचे नाही, तर शारीरिक शिक्षण हा विषयच नाकारावा लागेल.

१९२९ मध्ये आलेल्या तरुण अध्यक्षांना ही मांडणी मान्य नव्हती. १९२४ नंतर संघाला विभागीय विजेतेपद मिळाले नव्हते, त्यामुळे स्टॅग यांची बाजू घेणारेही कमी झाले होते. ज्या पदाने त्यांना चाळीस वर्षे संरक्षण दिले, त्याच पदाच्या नियमाने त्यांना मैदानाबाहेर काढले. मैदानापासून दूरचे दुसरे काम देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. निर्णय नियमाला धरून होता. पण वय हे त्यामागचे खरे कारण असेल, तर पुढच्या घटना त्याला दुजोरा देत नाहीत. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये, त्यांनी १९३३ पासून आणखी चौदा हंगाम काढले आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले.

शिकागोचा संघ मात्र खचत गेला. १९३९ मध्ये मिशिगनकडून ०-८५ असा पराभव झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या मैदानातील पश्चिमेकडील प्रेक्षकगॅलरीखाली, रॅकेटच्या खेळासाठी बांधलेल्या खोलीत, २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवण्यात आली. विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला तो १९६९ मध्ये. स्टॅग त्याआधी चार वर्षे, १०२ वर्षांचे होऊन, स्टॉकटनमध्येच वारले होते.