मनावर दगड ठेवणं वेगळं, मन खंबीर असणं वेगळं

वडील गेले तेव्हा "तू किती स्ट्राँग आहेस गं" हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं, कारण मी रडले नाही. आलेल्या लोकांचं बघितलं, कागदपत्रं केली, आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, थोड्याच दिवसांत कामावर हजर. सगळे कौतुक करत होते आणि मलाही ते खरंच वाटत होतं. मग साधारण आठ महिन्यांनी एक दिवस कपाटाची किल्ली सापडेना, एवढंच झालं, आणि मी तिथंच फरशीवर बसून तासभर रडले, त्यानंतर कितीतरी आठवडे धड झोप नाही, कोणी बोललं की अंगावर धावून जायचे. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मी जे केलं ते खंबीर राहणं नव्हतं, मी मनावर दगड ठेवला होता. दोन्ही बाहेरून सेम टू सेम दिसतं, म्हणून तर घोळ होतो.

आपल्या भाषेत हे दोन शब्द आहेतच आणि आपण ते सर्रास एकाच जागी वापरतो. मनावर दगड ठेवणं म्हणजे आतलं वर येऊ द्यायचं नाही, आत्ता वेळ नाही, दाबून टाक आणि पुढे चल. खंबीर असणं म्हणजे आत जे चाललंय ते माहितीय, त्याचा त्रासही होतोय, पण त्यामुळे माणूस कोसळत नाही आणि कोसळला तरी परत उठतो. एकात भावना बंद असते, दुसऱ्यात चालू असते पण स्टिअरिंग तिच्या हातात नसतं.

हे नुसतं शब्दांचं नाही, शरीरातही फरक पडतो. जेम्स ग्रॉस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1998 मध्ये एक प्रयोग छापला, लोकांना अंगावर काटा येईल अशी ऑपरेशनची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही, काहींना सांगितलं की डॉक्टरच्या नजरेनं, अलिप्तपणे बघा. चेहरे दोन्ही गटांचे बऱ्यापैकी शांत राहिले. पण अलिप्तपणे बघणाऱ्यांना किळस खरंच कमी वाटली, आणि चेहरा दाबून ठेवणाऱ्यांना आत ती तेवढीच वाटत राहिली, वर त्यांच्या शरीरावरचा ताण वाढला. म्हणजे बाहेरच्याला फसवता येतं, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना नाही. ग्रॉस यांच्या नंतरच्या कामात असंही दिसलं की चेहरा सांभाळायच्या नादात असलेल्या माणसाला समोर काय बोललं गेलं ते कमी आठवतं. मला हे वाचून एकदम पटलं कारण त्या पहिल्या दिवसांत कोण येऊन गेलं, काय बोललं, मला अक्षरशः आठवत नाही.

विचार दाबायचं तर अजूनच अवघड. डॅनियल वेग्नर यांचा 1987 चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला की घंटी वाजवा, आणि लोक घंटी वाजवतच राहिले. पण त्यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नंतर जेव्हा त्यांना विचार करायची मोकळीक दिली तेव्हा त्यांच्या डोक्यात अस्वल जास्त आलं, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त. दाबलेलं जात नाही, उलट नंतर जास्त जोरात येतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी नाहीतर उलटा गैरसमज होईल. जो रडत नाही तो दाबतोच आहे असं अजिबात नाही. जॉर्ज बोनॅनो यांनी जवळचं माणूस गमावलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यांना असं दिसलं की बरेच लोक दुःख होऊनही रोजचं जगणं नीट चालू ठेवतात, हसतात, काम करतात, आणि पुढे त्यांचं काही बिघडतही नाही. त्यामुळे कोणी रडलं नाही म्हणून त्याला धरून "रड रे, मोकळा हो" असा आग्रह करणं हा सुद्धा एक जाच आहे. माझ्या बाबतीत दाबणं होतं हे मला माहितीय कारण रोज रात्री घशाशी काहीतरी यायचं आणि मी मुद्दाम मोबाईल उघडून बसायचे.

मग ओळखायचं कसं? त्या क्षणाकडे बघून कळत नाही, नंतरकडे बघायचं. खंबीर माणूस त्या गोष्टीबद्दल बोलू शकतो, आवाज कापेल, डोळे भरतील, पण बोलू शकतो. दगड ठेवलेला माणूस विषयच बदलतो, किंवा अशा कोरड्या आवाजात सांगतो जणू दुसऱ्याचं काहीतरी आहे. राग निघतो तो भलत्यावरच निघतो, वड्याचं तेल वांग्यावर. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मदत. खंबीर माणूस "आज मला जमणार नाहीये, तू करशील का" असं म्हणू शकतो, दगडवाल्याला ते म्हणणं म्हणजे हरणं वाटतं. "मोडेन पण वाकणार नाही" हे आपण फार अभिमानानं म्हणतो पण त्यात मोडेन हा शब्दसुद्धा आहे हे कोणी ऐकतच नाही.

पोलादाचं उदाहरण मला इथे फार आवडतं. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे हत्याराला पाणी दिलं, की ते एकदम कडक होतं. पण तेवढ्यावरच सोडलं तर ते ठिसूळ राहतं, जोरात आपटलं की तडकतं. म्हणून ते परत बेताच्या आचेवर तापवावं लागतं, त्यात थोडा कडकपणा जातो आणि बदल्यात चिवटपणा येतो. कडक आणि चिवट हे पोलादाचे दोन वेगळे गुण आहेत, एक वाढवला की दुसरा आपोआप येत नाही, आणि माणसालाही हेच लागू होतं असं माझं मत आहे.

अजून एक फरक, जो मला सगळ्यात उशिरा कळला. दगड एकट्यानं ठेवता येतो, खंबीरपणा बहुतेक वेळा एकट्यानं येत नाही. हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला, मुलं चाळिशीत जाईपर्यंत. त्यातली जी मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत एकदम वाढली, त्यातली जवळपास एक तृतीयांश चांगली, समर्थ माणसं झाली. त्यांच्यात स्वभावाचे काही गुण होतेच, पण एक गोष्ट परत परत दिसली ती म्हणजे निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस, आजी असो, शिक्षक असो, शेजारी असो. एक माणूस! "कोणाची गरज नाही" ही खंबीरपणाची व्याख्या इथे साफ चुकते.

आता वाढवायचा कसा, तर मी स्वतः जे करते आणि ज्याला थोडाफार आधार आहे तेवढंच सांगते. पहिलं म्हणजे भावनेला नाव देणं. आपण सगळ्याला "टेन्शन" म्हणतो, पण टेन्शन म्हणजे नक्की काय, भीती आहे, अपमान झालाय, हुरहूर आहे, घालमेल होतेय की नुसता थकवा आलाय? आपल्याकडे एवढे नेमके शब्द असताना एका टेन्शनवर का भागवायचं. मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली, भीती वगैरेच्या वेळी हाच भाग पेटतो. दुसरं लिहिणं. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं, लिहिल्यावर लगेच त्यांना उलट जास्त वाईट वाटलं पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांत फायदा लहानच निघालाय, कधी निघालाही नाही, त्यामुळे जादू समजू नका. पण वही तर लागते फक्त.

आणि तिसरं, हातात असलेली एक छोटी गोष्ट रोज पूर्ण करणं. सेलिगमन आणि मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले (क्रूर होते ते, वाचवत नाहीत) आणि निष्कर्ष काढला की काहीच आपल्या हातात नाही असा अनुभव आला की प्राणी हतबलता शिकतो. 2016 मध्ये त्यांनी स्वतःच हे उलटं केलं, म्हणाले की सतत त्रास झाल्यावर गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकायचं असतं ते हे की माझ्या हातात काहीतरी आहे. म्हणून वाईट दिवसात अंथरूण नीट करणं किंवा एक राहिलेला फोन करून टाकणं हे मला आता क्षुल्लक वाटत नाही.

शेवटी एका तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते, कारण तीही याच नावाखाली खपवली जाते, ती म्हणजे सोसणं. रोज पाणउतारा करणारा बॉस, घरात हात उचलणारा माणूस, अशा ठिकाणी "खंबीर हो" हा सल्ला चुकीचाच आहे, तिथे बदलायची ती परिस्थिती आणि निघायला ताकद लागते ती जमवायला मदत करायची. तसंच दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, किंवा जगू नये असं वाटतंय तर हा खंबीरपणाचा प्रश्नच नाही, डॉक्टरकडे जायचं, आणि जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही.

परवा मैत्रिणीची आई गेली. तीही रडत नव्हती, सगळं बघत होती, आणि माझ्या तोंडावर तेच वाक्य आलं होतं, स्ट्राँग आहेस गं. ते गिळलं आणि तिला बाजूला घेऊन विचारलं, रात्री झोप लागते का? ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, नाही गं.